'आढळले नाही' म्हणजे नेमकं काय? : बियांतलं सायनाइड मोजण्याविषयी एक खुलं पत्र

प्रति,
मा. सहायक आयुक्त (अन्न) व सर्व अन्न सुरक्षा अधिकारी, सोलापूर जिल्हा,
तसेच सोलापूरकरांचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळांमधील विश्लेषक

सप्रेम नमस्कार.

मी बाळीवेस भागात राहते. आमचा बायकांचा बचत गट चटण्या करून विकतो. सोलापूर म्हटलं की लोक शेंगाचटणी मागतात, पण आमचं गिऱ्हाईक टिकलं ते जवसाच्या चटणीवर. जवस, सुकं तिखट, लसूण, जिरं, मीठ, बाकी काही नाही. कढई मंद आचेवर ठेवायची, जवस तडतडायला लागलं की हात थांबू द्यायचा नाही आणि तडतड मंदावली की लगेच परातीत ओतायचं. गार झाल्यावरच कांडायचं.

मागच्या पावसाळ्यात पुण्याच्या एका ताईंचा फोन आला. नेहमीच्या गिऱ्हाईक. म्हणाल्या, "जवसात सायनाइड असतं असं वाचलं. घरात चार वर्षांची नात आहे, ती भाकरीला चटणी लावून खाते. तुमच्याकडे रिपोर्ट असेल तर पाठवा." माझ्याकडे ओलाव्याचा होता, बुरशीचा होता, हा नव्हता. मी एका खाजगी प्रयोगशाळेत नमुना दिला, पैसे भरले. दहा दिवसांनी कागद आला. त्यावर एका ओळीत : "हायड्रोसायनिक आम्ल : आढळले नाही."

हायड्रोसायनिक आम्ल म्हणजे पाण्यात विरघळलेलं हायड्रोजन सायनाइड. गटातल्या बायकांना हायसं वाटलं. मला नाही वाटलं. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आहे, आणि जवसात हे अजिबात सापडू नये ही गोष्ट मला पटेना. फोन करून विचारलं, कोणत्या पद्धतीनं तपासलंत? उत्तर मिळालं, "स्टँडर्ड मेथड." नमुना दळला कसा, किती वेळ भिजवला, त्यात एन्झाइम घातलं होतं का, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. हे पत्र त्या प्रयोगशाळेची तक्रार करण्यासाठी नाही, म्हणून तिचं नावही लिहीत नाही. आपल्या जिल्ह्यात ही तपासणी कशी व्हावी, एवढ्यासाठीच हे लिहिते आहे.

मी ताईंना तो रिपोर्ट पाठवला नाही. त्याऐवजी माझ्या जुन्या महाविद्यालयात गेले, सरांना भेटले. त्यांनी प्रयोगशाळेचं कपाट उघडलं आणि म्हणाले, "चल, आपणच बघू."

फिल्टर पेपरच्या बारीक पट्ट्या पिक्रिक आम्ल आणि सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून वाळवलेल्या, हळदीसारख्या पिवळ्या. (वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते, घरी हे करू नका. सुकं पिक्रिक आम्ल स्फोटक असतं.) छोट्या चार बाटल्या घेतल्या. पहिलीत कच्च्या जवसाचं पीठ आणि पाणी. दुसरीत माझं भाजलेलं जवस, तेवढंच, आणि पाणी. तिसरीत तेच भाजलेलं पीठ, वर कच्च्या जवसाच्या अर्काचे दोन थेंब. चौथीत फक्त ते दोन थेंब, म्हणजे अर्काचा स्वतःचा किती रंग येतो ते कळावं. पट्टी द्रावणाला न लागता आत लटकवायची आणि बूच घट्ट लावायचं. सायनाइडचा वायू सुटला की पिवळी पट्टी नारिंगी आणि मग वीटकरी होते. रात्रभर ठेवल्या.

सकाळी पहिली पट्टी वीटकरी झालेली. दुसरी जशीच्या तशी पिवळी. ही दुसरी बाटली म्हणजे माझा रिपोर्ट : आढळले नाही! चौथीत नावाला छटा. आणि तिसरी, जिच्यात तेच भाजलेलं पीठ होतं, ती चांगली नारिंगी.

सर काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. खिडकीशी नेऊन आम्ही त्या दोन पट्ट्या कितीतरी वेळ शेजारी शेजारी धरून पाहिल्या.

कारण आपण सगळे जाणता, तरी वाचकांसाठी लिहिते. जवसात मोकळं सायनाइड जवळपास नसतंच. ते साखरेला बांधलेलं असतं. जवसात त्या संयुगांची नावं लिनुस्टॅटिन आणि निओलिनुस्टॅटिन, जर्दाळूच्या आणि कडू बदामाच्या गरात ॲमिग्डालिन, कसाव्याच्या, म्हणजे ज्यापासून साबुदाणा होतो त्या कंदात लिनामारिन. बांधलेलं असेतो ते गप्प असतं. ते फोडणारं एन्झाइम त्याच बीत असतं, पण वेगळ्या जागी. बी चावली, दळली, ओली झाली की दोघांची गाठ पडते आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. ॲमिग्डालिन फ्रान्समध्ये १८३० साली वेगळं काढलं गेलं, आणि १८३७ साली लीबिग आणि व्होलर यांनी बदामातल्या एन्झाइमनं ते कसं फुटतं हे दाखवलं. म्हणजे यात नवं काहीच नाही.

भाजताना कढईत एन्झाइम मरतं. बांधलेलं सायनाइड मात्र सगळं जात नाही. काही कमी होतं, किती ते आच आणि वेळ यांवर ठरतं. तिसऱ्या बाटलीत कच्च्या अर्कातलं एन्झाइम मिळालं, म्हणून ते सुटलं. मग अशा नमुन्यात बाहेरून एन्झाइम घातलं नाही, आम्लानं तोडलं नाही, तर सुटणार काय आणि दिसणार काय? मोजणारा प्रामाणिक असतो, यंत्र बरोबर असतं आणि कागदावर येतं 'आढळले नाही'. एन्झाइम कोणतं घालायचं, यातही चूक होऊ शकते. बदामाचं एन्झाइम ॲमिग्डालिनला छान चालतं, पण जवसाला जवसाचंच लावलेलं बरं.

दुसरी चूक उलट टोकाची. हायड्रोजन सायनाइड सुमारे २६ अंश सेल्सियसला उकळतं. आपल्याकडे मार्च ते जून ते द्रव राहणारच नाही. ओलसर नमुना मिक्सरला दळला, झाकण उघडलं, पंख्याखाली तासभर ठेवला, की मोजायचं तेच उडून गेलं. म्हणून नमुना थंड करून दळावा, बंद भांड्यातच भिजवावा, सुटलेला वायू सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात धरावा. यातलं काहीही महाग नाही. पिक्रेटच्या पट्टीचा रंगसुद्धा पाण्यात उतरवून ५१० नॅनोमीटरला मोजला की आकडा मिळतो. आफ्रिकेत कसाव्यामुळे पायांना लुळेपणा आणणाऱ्या कोंझो नावाच्या आजाराशी झुंजणाऱ्या गावांसाठी ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी याच पट्टीचा किट बनवला. तिथे खेडोपाडी जे जमलं ते सोलापुरात का जमू नये?

आपल्या मातीला तर हे विष अनोळखी नाही. माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, ज्वारीचं. वडिलांचा एक नियम होता : पाऊस ओढला की कोवळ्या ज्वारीकडं गुरं फिरकू द्यायची नाहीत. मी आठवीत असताना आमची गाय दावं तोडून महिन्याभराच्या, पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीत शिरली. पंधरा-वीस मिनिटांत ती थरथरायला लागली, तोंडाला फेस, पाय गेले. "किरळ लागली," म्हणत वडील डॉक्टरांना आणायला पळाले. डॉक्टरांनी शिरेतून थायोसल्फेट दिलं आणि तासाभरात गाय उभी राहिली. पुढे कॉलेजात कळलं की कोवळ्या ज्वारीतलं ते धुरिन, हेही सायनाइड बांधून ठेवणारंच संयुग, आणि ताण पडलेल्या पिकात ते वाढतं. पक्व दाण्यात ते नसल्यात जमा असतं, भाकरी खाणाऱ्यांनी निश्चिंत राहावं. ज्वारीला मोड आणले तर मात्र कोंबात ते पुन्हा तयार होतं. हल्ली आरोग्यासाठी म्हणून ज्वारीचे कच्चे मोड खाण्याची टूम निघाली आहे, तिच्याकडेही आपलं लक्ष असावं.

गुरांच्या बाबतीत आमच्या अडाणी म्हणवणाऱ्या शेतकऱ्याला कधी, किती, कोणत्या अवस्थेत हे सगळं ठाऊक होतं. माणसांच्या खाण्यात मात्र आपण एका ओळीच्या रिपोर्टवर भागवतो आहोत.

आता प्रमाणाचं बोलते, कारण भीती पसरवणं मला अजिबात नको आहे. आमच्या पाच बायकांची चूल या चटणीवर चालते. जवसात बांधलेलं सगळं सायनाइड धरलं तर किलोला शंभरपासून काही शे मिलिग्रॅमपर्यंत भरतं. हिशेबाला २०० धरू. एका जेवणाला १० ग्रॅम चटणी, तिच्यात ६ ग्रॅम जवस, म्हणजे १.२ मिलिग्रॅम. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीनं २०११ साली एका दिवसाची मर्यादा शरीराच्या दर किलोला ०.०९ मिलिग्रॅम धरली. ६० किलोच्या माणसाला ५.४ मिलिग्रॅम. चटणी आरामात आत बसते. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेचा आकडा कडक आहे, किलोला ०.०२ मिलिग्रॅम. त्या हिशेबानं ६० किलोला १.२ मिलिग्रॅम, म्हणजे आमची चटणी अगदी काठावर, आणि १५ किलोच्या नातीला ०.३ मिलिग्रॅम.

घाबरायचं का? इथेच तो मुद्दा येतो ज्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे. नुसता एकूण आकडा पुरत नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ निरोगी माणसांना वेगवेगळ्या दिवशी चार पदार्थ दिले : कसावा, जवस, कडू जर्दाळूचा गर आणि त्याच गरापासून प्रक्रिया करून केलेला मगज, म्हणजे लगदा. प्रत्येकात सायनाइड सारखंच, ६.८ मिलिग्रॅम. रक्तात मात्र ते सारखं चढलं नाही. कसाव्यानंतर सगळ्यात वरची पातळी, सरासरी लिटरला १५ मायक्रोमोलच्या पुढे, आणि कच्च्या कडू गरानंतर जवळपास तेवढीच, तीही वीस मिनिटांत. जवसानंतर त्यांच्या निम्म्याहून कमी. आणि ज्यातलं एन्झाइम मेलं होतं त्या मगजानंतर जेमतेम १.३, तेही पावणेदोन तासांनी. एन्झाइम मेलेलं असलं तर आतड्यातले जिवाणू हे काम सावकाश करतात आणि तोवर शरीर सायनाइडला गंधक जोडून लघवीवाटे बाहेर टाकत राहतं.

म्हणजे माझ्या कढईनं खरंच काम केलं होतं. फक्त ते काम 'आढळले नाही' या शब्दांत मावत नाही. मला दोन आकडे हवेत. एन्झाइम घालून किंवा आम्लानं तोडून मिळणारं एकूण सायनाइड हा एक. आणि पदार्थ आहे तसा पाण्यात भिजवल्यावर स्वतःहून सुटणारं, हा दुसरा. चांगल्या भाजलेल्या चटणीत पहिला आकडा असेल आणि दुसरा शून्याजवळ असेल. कच्च्या जवसाच्या पुडीत दोन्ही मोठे असतील. गिऱ्हाइकाला हा फरक कळला पाहिजे, आणि तो सांगायला आमच्याकडे आज कागदच नाही.

कच्च्या पुडीची मला जास्त काळजी वाटते. वजन उतरवायला म्हणून सकाळी उपाशीपोटी तीन-चार चमचे कच्ची पूड पाण्यातून घेणारे माझ्याच गल्लीत आहेत. ३० ग्रॅमला त्याच हिशेबानं ६ मिलिग्रॅम होतात, एन्झाइम जिवंत, पोट रिकामं. पुडीच्या पाकिटावर एक शब्द नसतो. युरोपात २०२२ साली केलेल्या नियमानुसार थेट ग्राहकाला विकायच्या कच्च्या जवसाला किलोला १५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. त्याहून जास्त असलेलं अख्खं जवस थोड्या प्रमाणात विकायचं असेल तर 'फक्त शिजवण्या-भाजण्यासाठी, कच्चं खाऊ नये' असं छापावं लागतं.

जर्दाळूच्या बीचं प्रकरण याहून टोकदार आहे. आपलं शहर हैदराबादच्या वाटेवरचं. इथल्या कितीतरी घरांत लग्नाला खुबानी का मीठा होतो. सुके जर्दाळू भिजवायचे, आठळी फोडायची, आतले पांढरे गर सोलून वर सजवायचे. आमच्या लहानपणी त्या गरांवरून भांडणं व्हायची, 'बदाम' म्हणायचो आम्ही त्यांना. बाजारात येणाऱ्या बहुतेक जर्दाळूंचे गर गोड असतात. लडाखमध्ये गोड गराचे आणि कडू गराचे जर्दाळू वेगळे ओळखतात, पण मधल्या मारुतीपाशी किराणा घेणाऱ्या बाईला ही ओळख कशी असणार? एक ग्रॅम ॲमिग्डालिनमधून ५९ मिलिग्रॅम हायड्रोजन सायनाइड सुटू शकतं. कडू गरात किलोला दोन हजार मिलिग्रॅम सायनाइड असलं तर अर्ध्या ग्रॅमच्या एकाच गरात १ मिलिग्रॅम. १२ किलोच्या मुलाची वर सांगितलेली सैल मर्यादासुद्धा १.०८ वर संपते. युरोपात २०१७ पासून कच्च्या जर्दाळू-गराला किलोला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडनं २०१५ साली कच्च्या गराची विक्रीच बंद केली.

आणि हेच कडू गर 'व्हिटॅमिन बी १७' म्हणून कॅन्सरच्या रुग्णांच्या नातेवाइकांना मोबाइलवरून सुचवले जातात. ते व्हिटॅमिन नाही. १९८२ साली अमेरिकेत १७८ रुग्णांवर ॲमिग्डालिन देऊन झालेल्या अभ्यासात कॅन्सर आटोक्यात आला नाही, उलट काही रुग्णांच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ गेलं. आमच्या नात्यातल्या एका घरात हे पाकीट मी स्वतः डब्यात पाहिलं आहे. आजारी माणसाला वाचवायला धडपडणाऱ्या घराला दोष देण्याची माझी हिंमत नाही. पण त्या पाकिटावर आत किती काय आहे हे छापलेलं असतं, तर त्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनंच ते उचलून फेकलं असतं.

साबुदाण्याचं विचारणारेही भेटतात. तो कसाव्यापासूनच होतो हे खरं, पण स्टार्च काढताना कंद किसून, धुऊन, निवळून घेतात आणि विरघळणारं विष पाण्याबरोबर जातं. उपवासावर भीतीचं सावट नको.

कायद्याकडे वळते. आपल्या २०११ च्या अन्न सुरक्षा नियमावलीत निसर्गतः असणाऱ्या विषारी पदार्थांचा तक्ता आहे. त्यात हायड्रोसायनिक आम्लाला दशलक्षात ५ भाग ही मर्यादा दिली आहे. पण हे ५ भाग मोकळ्या सायनाइडचे की बांधलेलं धरून? एकूण धरायचं तर बाजारातलं कुठलंच जवस पास होणार नाही आणि आम्ही सगळ्या गुन्हेगार ठरू. मोकळं धरायचं तर कोरडी कच्ची पूड, जी पोटात जाऊन सायनाइड सोडणार आहे, ती खुशाल पास होईल. युरोपानं जवसाला, बदामाला, जर्दाळूच्या गराला, कसाव्याच्या पिठाला वेगवेगळी मर्यादा दिली आणि ती बांधलेलं सायनाइड धरून दिली. तसं इथं व्हावं यासाठी आपण वरिष्ठांकडे लिहावं ही विनंती. नियम दिल्लीत होतात हे मला कळतं. पण जवस खाणारा जिल्हा कोणता आणि ते कसं खाल्लं जातं, हे इथूनच कळवावं लागेल.

तोवर जे आपल्या हातात आहे ते करू या. अहवालावर पद्धत लिहिणं सक्तीचं करा : नमुना कच्चा की भाजलेला, एन्झाइम घातलं की नाही, किती तास ठेवलं, किती प्रमाणापर्यंत सापडू शकत होतं. ज्या कागदावर हे नाही तो चटणीसाठी ग्राह्य धरू नका, माझा असला तरी. एका हंगामात लक्ष्मी मंडई, मंगळवार पेठ आणि तालुक्यांच्या आठवडी बाजारांतून जवस, जवसाची पूड, चटण्या, बियांची मिश्र पाकिटं आणि जर्दाळूचे गर यांचे नमुने उचला आणि दोन्ही आकडे जाहीर करा. दंडासाठी नको, माहितीसाठी. शहरात विद्यापीठ आहे, रसायनशास्त्र शिकवणारी महाविद्यालयं आहेत. एम.एस्सी.च्या मुलांना याहून उपयोगी प्रकल्प कोणता मिळणार? बचत गटांना सोबत घ्या. कोणत्या आचेवर किती मिनिटं भाजलं की स्वतःहून सुटणारं सायनाइड शून्यावर येतं आणि एकूण किती घटतं, हे एकदा मोजून द्या. आम्ही भिंतीवर लिहून ठेवू आणि तसंच भाजू. सोलापूरची चटणी आज देशभर जाते. हा आकडा छापणारी पहिली चटणी आपल्याच जिल्ह्याची असावी, अशी माझी फार इच्छा आहे.

पुण्याच्या ताईंना मी खरं ते कळवलं : रिपोर्ट आहे पण माझा त्यावर भरवसा नाही, नातीला थोडीच द्या, कच्चं जवस देऊ नका. त्यांनी चटणी बंद केली नाही. फक्त म्हणाल्या, "नीट कळलं की सांगा."

एकाच पोत्यातल्या जवसाच्या चार बरण्या मी हवाबंद करून थंड जागी ठेवल्या आहेत. एक कच्चं, एक सहा मिनिटं भाजलेलं, एक बारा मिनिटं भाजलेलं आणि एक तयार चटणी. प्रत्येकीवर तारीख, वजन आणि भाजण्याची वेळ लिहिलेली आहे. आपण सांगाल त्या दिवशी कार्यालयात घेऊन येते.

आपली,
जवसाची चटणी करणारी एक सोलापूरकर